महिनाअखेर आहे का रे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सणासुदीच्या दिवसांत नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालावा, यावर पानभर मजकूर आला होता. कामांची यादी करा, 'नाही' म्हणायला शिका, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, रोज दहा मिनिटं स्वतःसाठी काढा. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्या पानावर सेल्सवाला एकही नव्हता. सगळ्यांना सुट्टी असते तेव्हाच ज्यांचा धंदा असतो, त्यांच्यातला एक म्हणून चार ओळी लिहितो. चाराच्या चाळीस होतील, तेवढं सांभाळून घ्या.

मी सोळा वर्षं सेल्समध्ये आहे. पहिली चार दुकानाच्या फ्लोअरवर उभ्याने, पुढची पाच बॅग घेऊन डीलरांच्या दारात आणि गेली सात वर्षं नऊ जणांच्या टीमचा मॅनेजर म्हणून. घरगुती वापराची यंत्रं विकतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच आहे.

माझी आई दुसऱ्या गावी राहते. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि मला ते चौथ्या दिवशी कळलं. तेही शेजारच्या मुलीने फोन केला म्हणून. मी चिडून विचारलं, "अगं, सांगायचं नाही का?" तर म्हणाली, "एकोणतीस तारीख होती रे. तुझं क्लोजिंग असतं ना." तिला इंग्रजी येत नाही. क्लोजिंग, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा हिशेब बंद होण्याचे दिवस, हा एक शब्द येतो. तिच्याकडे पोचलो तेव्हा पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तीन तारखांखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलेली होती. सणाच्या महिन्यात ती रेघ वीस तारखेपासूनच सुरू होत होती. या दिवसांत पोराला फोन करायचा नाही, असा त्याचा अर्थ. मी पुढची पानं उलटून पाहिली. डिसेंबरपर्यंत रेघा तयार होत्या. आमच्या कंपनीने वर्षाचं प्लॅनिंग इतकं आधी कधी केलेलं नाही.

घरीही काही वेगळं नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायचं, बँकेत सही करायची, मुलीच्या शाळेत भेटायला जायचं, सगळं बायको चार तारखेच्या पुढे टाकते. आमच्या घरात महिना एक तारखेला लागतच नाही, चारला लागतो. त्यात सण जर महिनाअखेरीला आला, तर मी घरचा पाहुणाच. तोसुद्धा उशिरा येऊन लवकर निघणारा.

आता लोकांना वाटतं की सण आला, गिऱ्हाईक तुटून पडलं, म्हणून सेल्सवाल्याला घर दिसत नाही. हे अर्धंच खरं आहे. दुकानाच्या फ्लोअरवर असताना मलाही तसंच वाटायचं. तिथली दमछाक वेगळीच असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पाय दुखतात ते दुखतात, पण खरं थकतं ते तोंड. अकरा तास हसून बोलायचं. समोरचा उद्धट असो, नुसता बघायला आलेला असो, नाहीतर तीच चौकशी पाचव्यांदा करणारा असो. एका रात्री घरी आलो, बायको कपाट उघडून काहीतरी शोधत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी काही दाखवू का?" ती हसली. मीही हसलो. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचं काम जवळून पाहून १९८३ मध्ये याला 'भावनिक श्रम' म्हटलं. पगार घेऊन चेहरा सांभाळण्याचे श्रम. सीझनमध्ये दिवसाला दोनशे माणसांना दिलेला चेहरा रात्री घरच्यांना द्यायला शिल्लक राहत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला नाव आहे, हे फार उशिरा कळलं.

पण बॅग हातात आल्यावर दुसरी गोष्ट दिसायला लागली. सण कधी आहे हे वर्षभर आधी सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवसांत माल जास्त जाणार, हेही ठाऊक असतं. मग दरवर्षी पूर आल्यासारखी धावपळ का? तर हा पूर बऱ्याच अंशी आम्हीच सोडलेला असतो.

कसा ते सांगतो. समजा एखाद्याला महिन्याला शंभर नगांचं टार्गेट आहे. नव्व्याण्णव विकले तर इन्सेंटिव्ह नाही. शंभरावा गेला की पूर्ण इन्सेंटिव्ह, एकशेदहावा गेला की वरचा स्लॅब, म्हणजे इन्सेंटिव्हची पुढची पायरी. म्हणजे नव्व्याण्णवाव्या आणि शंभराव्या नगामध्ये दरी आहे, आणि ती ओलांडायला माणूस वाटेल ते करतो. शेवटच्या दोन दिवसांत रेट तोडतो. त्याचा मॅनेजर (म्हणजे मी) डोळे मिटून तो रेट मंजूर करतो, कारण माझ्या डोक्यावरही असाच स्लॅब आहे. वरच्याच्याही डोक्यावर आहे. हे डीलरला तोंडपाठ असतं. म्हणून दहा तारखेला गेलं की तो प्रेमाने बसवून घेतो, मुलंबाळं कशी आहेत विचारतो, ऑर्डर मात्र देत नाही. "साहेब, घाई काय आहे? अठ्ठावीसला या, तेव्हा बोलू." त्याचं काय चुकलं? अठ्ठावीसला माल स्वस्त मिळतो हे आम्हीच त्याला शिकवलं. पहिले वीस दिवस आम्ही फिरतो आणि शेवटचे आठ दिवस विकतो. मग त्या आठ दिवसांत ढकललेल्या मालाने डीलरचं गोडाऊन भरलेलं असतं, म्हणून पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा सुका. मग पुन्हा शेवटी मारामारी. हे चक्र बारा महिने चालतं. सणाच्या तिमाहीत टार्गेट चढतं, म्हणून तेव्हा ते डोळ्यांवर येतं, इतकंच.

मला वाटायचं, हे आमच्याच लाइनचं दुखणं. माझा एक भाचा व्यवस्थापन शिकवतो, त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, यावर कधीच अभ्यास झालाय." पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये दाखवलं होतं की कंपन्यांची विक्री आर्थिक वर्षाच्या शेवटी फुगते आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला बसते, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे हेच पायऱ्यापायऱ्यांचे इन्सेंटिव्ह. इयन लार्किन यांनी २०१४ मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचे सौदे तपासले. सेल्सवाले आपल्या कमिशनच्या सोयीने सौदा कोणत्या तिमाहीत टाकायचा ते ठरवतात आणि त्यासाठी भाव पाडतात, यात त्या कंपनीचं नुकसान महसुलाच्या ६ ते ८ टक्के निघालं. म्हणजे यंत्र विका नाहीतर सॉफ्टवेअर, रोग एकच. आणि माझ्या आईच्या कॅलेंडरवरच्या रेघांनी कंपनीचाही फायदा होत नव्हता! हे वाचल्यावर मला जेवढा राग आला, तेवढा सोळा वर्षांत कोणत्याही बॉसचा आला नव्हता.

तासांचंही एकदा मांडून बघितलं. गेल्या सीझनमध्ये मी सलग चार आठवडे वहीत वेळ टिपली. सर्वात हलका आठवडा ६१ तासांचा होता, सर्वात जड ७८ चा. रात्री घरून केलेले फोन यात धरलेले नाहीत. दुकानं आणि कार्यालयं यांच्यासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० च्या करारात घातली होती. आजोबांच्या काळातली गोष्ट. याच संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर २०२१ मध्ये जे आकडे काढले, त्यांत आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. हे आकडे मी आमच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये वाचून दाखवले. एक जण म्हणाला, "सर, आधी अचीव्हमेंट सांगा." सगळे हसले. तो माझाच तयार केलेला मुलगा आहे.

आता माझ्या स्वतःच्या कानफटात मारून घेण्याची गोष्ट. ती नाही सांगितली तर हे पत्र म्हणजे नुसतं रडगाणं होईल.

तीन वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या रात्री पावणेदहाला मी टीममधल्या एका मुलाला फोन केला. तो सहा महिन्यांनी घरी गेला होता, रीतसर रजा टाकून. मला त्याच्या भागातल्या सगळ्या डीलरांचा शिल्लक स्टॉक हवा होता, मॉडेलप्रमाणे, आत्ताच्या आत्ता. मागून माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, "सर, सकाळी दिला तर चालेल?" मी म्हणालो, "वरून मागितलंय." हे वाक्य सेल्समध्ये ब्रह्मवाक्य असतं, त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. त्याने घरातून बाहेर, जिन्यात बसून, अठरा डीलरांना त्या रात्री फोन केले. साडेबाराला शीट पाठवली. खाली लिहिलं होतं, "उशिराबद्दल क्षमस्व सर."

मंगळवारी मीटिंग होती. तो आकडा एका स्लाइडवर आला, खालच्या कोपऱ्यात, आणि दहा सेकंदांत पुढची स्लाइड आली. मला काय वाटलं कोण जाणे, मी ती शीट उघडल्याची नोंद पाहिली. सोमवारी सकाळी ११ च्या आधी ती कोणीही उघडलेली नव्हती. मीसुद्धा नाही. 'वरून मागितलंय' हेही पूर्ण खरं नव्हतं. वरून मंगळवारसाठी मागितलं होतं. 'आत्ताच्या आत्ता' ही माझी भर.

त्या मुलाने दोन महिन्यांनी नोकरी सोडली. कारण दुसरंच सांगितलं, चांगली ऑफर आली म्हणून. मी त्याला कधी विचारलं नाही.

त्यानंतर मी माझ्या हातात आहे तेवढं बदलायला घेतलं. स्लॅब माझ्या हातात नाहीत, ते मुख्य कार्यालयात ठरतात. पण रजांचा तक्ता माझ्या हातात आहे. तो आता सीझनच्या दोन महिने आधी लागतो, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. गेल्या वर्षी मुख्य दिवशी ज्याने काम केलं, त्याला या वर्षी तो दिवस पहिला मिळतो. पूर्वी काय व्हायचं, लग्न न झालेल्यांच्या गळ्यात ड्युटी पडायची. "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?" हे वाक्य मी स्वतः कितीदा बोललो असेन. एका मुलीने तेव्हा शांतपणे उत्तर दिलं होतं, "सर, माझे बाबा." तिच्या घरी ती आणि बाबा, दोघंच.

रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचं नाही, अगदीच अडलं तर फोन. आणि अडणं म्हणजे काय हे आम्ही ठरवून टाकलं: गाडी अडकली, माल चुकीच्या जागी उतरला, किंवा गिऱ्हाइकाच्या घरी यंत्रामुळे काही अपघात झाला. आकडा हे अडणं नाही. ऐकायला गंमत वाटेल, पण पहिल्या महिन्यात हा नियम सर्वांत जास्त वेळा मीच मोडला. अंगठा आपोआप जायचा. मुलांनी मग माझ्याकडून दंड वसूल करायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून आला. चांगलं आहे. पण सेल्समध्ये बॉसचा फोन थांबला तरी डीलरचा चालू राहतो, आणि तो न उचलता झोपायला जे काळीज लागतं ते कायद्याने मिळत नाही. त्यासाठी शेजारच्या टेबलावरचा माणूस तो फोन घेईल याची खात्री लागते. म्हणून आम्ही दोन-दोनच्या जोड्या केल्या. एक रजेवर, तर दुसऱ्याकडे त्याचे डीलर. सुरुवातीला जोडीदार आपलं गिऱ्हाईक पळवेल, अशी सगळ्यांना धास्ती. बिलिंग ज्याच्या भागातलं त्याच्याच नावावर पडेल, हे लिहून दिल्यावर गाडी पुढे सरकली.

सर्वांत अवघड होतं ते डीलरांचं. गेल्या सीझनच्या आधी मी माझ्या अधिकारात बसेल तेवढं केलं: स्कीम एक तारखेला जाहीर, महिनाभर तीच, शेवटी एक पैसाही जास्त सुटणार नाही, असं प्रत्येकाला भेटून सांगितलं. एक जुने डीलर, माझ्या वडिलांच्या वयाचे, नुसते हसले. "बरं, बघू." सत्तावीसला आम्ही टार्गेटच्या बरेच मागे होतो. मला रात्री झोप नाही. अठ्ठावीसला त्यांचा फोन, "काय, किती सोडताय?" मी म्हणालो, "काका, एक तारखेचाच रेट." त्यांनी फोन ठेवला. त्या महिन्याचं टार्गेट आम्ही थोडक्यात हुकलो. माझा इन्सेंटिव्ह गेला, पोरांचाही गेला आणि दोघं जण माझ्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात काकांची ऑर्डर नऊ तारखेला आली. सगळे काकांसारखे वळले नाहीत, निम्मे अजूनही अठ्ठावीसचीच वाट बघतात. पण निम्म्यांचं बिलिंग पंधरवड्यात झालं की महिनाअखेरीला संध्याकाळी सातला घरी जाता येतं, हे नऊही जणांनी पाहिलं. इन्सेंटिव्ह गेल्याचा राग त्यांच्या मनातून गेलाय, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. ज्याच्या घराचा हप्ता त्या पैशांवर आहे, त्याला संध्याकाळी सातचं कौतुक किती सांगायचं?

म्हणूनच हे पत्र. माझ्यासारखा मधला माणूस यात फार तर निम्मं करू शकतो. उरलेलं ज्यांच्या हातात स्लॅब ठरतात त्यांच्याकडे आहे. दरी काढून उतार ठेवा, म्हणजे प्रत्येक नगाला त्याच्या मापाचं मिळेल आणि नव्व्याण्णवावर थांबलेला माणूस भिकारी ठरणार नाही. आणि सणाच्या महिन्याचं क्लोजिंग सणाच्या दिवसांवर आदळत असेल तर आठवडाभर पुढे-मागे करा. ही तारीख कागदावरची आहे, ती ग्रहताऱ्यांनी ठरवलेली नाही.

गिऱ्हाइकांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. शटर अर्धं खाली आल्यावर वाकून आत येणारा माणूस हा माझ्या फ्लोअरवरच्या दिवसांतला कायमचा पाहुणा होता. त्याचीही दिवसभराची नोकरी असते, तो तरी केव्हा येणार? फक्त त्याने आत आल्यावर "उद्या येऊन ठरवतो" म्हणू नये.

आणि संपादक महोदय, राग मानू नका, पण ज्या रविवारी पुरवणीत समतोलाचे सल्ले छापून आले, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात होती: 'शेवटचे २ दिवस'. पुढच्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा: 'लोकाग्रहास्तव मुदत वाढवली'. त्या दोन रविवारांच्या मधल्या आठवड्यात त्या दुकानातल्या मुलांच्या रजांचं काय झालं असेल, याचा मला अंदाज आहे. कोणीतरी 'शेवटच्या दोन दिवसां'नंतरचं गाडीचं तिकीट काढून ठेवलं असेल. लोकाग्रह कोणाचा होता हे छापता येत नसेल, तर निदान मुदत वाढवल्याची खबर त्या मुलांना जाहिरातीच्या आधी मिळावी.

आईला मी गेल्या महिन्यात सांगितलं की आता रेघा मारू नकोस, कधीही फोन कर. ती "बरं" म्हणाली. परवा तिचा फोन आला, तारीख सव्वीस. उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य, "महिनाअखेर आहे का रे?" मी म्हटलं, "आहे, बोल तू." वीस मिनिटं बोलत होती. मधे दोन फोन येऊन गेले, ते जोडीदाराने घेतले.

एक विनंती. पत्र छापणार असाल तर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत छापा. त्यानंतर आमच्यातलं कोणी पेपर उघडत नाही.

आपला,
एक सेल्स मॅनेजर
(नाव छापू नये, ही विनंती.)